दहा बाय बारा

रुंदीच्या चौकटीत दहा टाइप केलं, उंचीच्या चौकटीत बारा, आणि प्रिंट दिली. प्रिंटर कुरकुरला. कागद सावकाश बाहेर आला. त्या मोठ्या चकचकीत पांढऱ्या कागदाच्या मधोमध मालन आली होती, माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

मी चष्मा पुसला आणि परत बघितलं. तीच होती. हसत होती. बाकी सगळा कागद कोरा.

"दाजी, झाला का फोटो?" शेवंता चहा घेऊन दुकानात आली. शेवंता म्हणजे मालनची धाकटी बहीण. तेरा दिवस घर तिनंच धरलं होतं. "गुरुजी अकराला येणार हायत. हारवाला हार देऊन बी गेला."

मी कागद उलटा करायच्या आत तिनं बघितला.

"अगं बाई! अक्काला एवढीशी केलासा?"

"मशीननं केली."

"मशीनला काय कळतंय? तुम्ही काय सांगितलासा त्याला?"

"दहा बाय बारा सांगितलं. ती रोज सांगायची तेच."

"मग आता?"

"परत सांगतो."

ती चहा ठेवून गेली. सकाळचे साडेसात वाजले असतील. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत अजून दुकानं उघडली नव्हती. मीही तेरा दिवसांनी शटर वर केलं होतं, तेही अर्धंच.

दुकानाचे दोन भाग आहेत. डावीकडे माझं फ्रेमचं काम, उजवीकडे मालनचा स्टुडिओ. मी जातीचा सुतार. वडील दारं-खिडक्या करायचे, मी फोटोच्या चौकटी करतो. अर्ध्या गावाच्या भिंतीवरची गेलेली माणसं माझ्या चौकटीत आहेत. मी सातवीपर्यंत शिकलो, मालन दहावी पास. त्यामुळे कॉम्प्युटर घरात आला तो तिच्या वाट्याला गेला. चाळिशीत क्लास लावून ती फोटोशॉप शिकली. बोर्डावर तिनं 'दर्पण' नाव घातलं. मी म्हटलं, माझ्या फ्रेमचं काय? तर म्हणाली, "आरशाला चौकट लागतेच की. ते सांगायला कशाला पायजे?"

मशीन बसवून देणाऱ्या माणसानं माप सेंटिमीटरवर ठेवलं होतं. आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. पहिलंच मोठं काम आलं, आठ बाय दहा. तिनं आठ बाय दहाचा फोटो काढला, मी आठ बाय दहाची फ्रेम केली, आणि गिऱ्हाइकासमोर फोटो फ्रेमीत घातला तर पोस्टकार्डापेक्षा लहान. गिऱ्हाईक हसलं. मी चिडलो. म्हटलं, तुझी पट्टी खोटी आहे. ती म्हणाली, माझी नाही, मशीनची. दिवसभर आम्ही बोललो नाही. संध्याकाळी तिनं मला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं.

"हे बघा. इंच केलं. आता हे कधी बदलायचं नाही. एकाच घरात दोन मापं चालायची नाहीत."

"आणि सूत?" मी विचारलं. आमच्या धंद्यात इंचाचे आठ सूत. मी काच कापताना दहा इंच एक सूत, बारा इंच दोन सूत, असंच बोलतो.

"सूत तेवढं ह्यात नाही. ते तुमच्याजवळच राहू दे. कातून ठेवा."

त्यानंतर तेरा वर्षं ते इंच कुणी हलवले नव्हते.

म्हणून त्या सकाळी मला वाटलं, माझंच बोट चुकलं. परत दहा, परत बारा. परत नख. मग वीस आणि चोवीस टाकलं, तर अंगठ्याच्या नखाएवढी आली. मला काही सुचेना. एक हजार आणि बाराशे टाकलं. मशीन बराच वेळ विचार करत बसलं आणि मग कागदावर एक डोळा, नाक आणि अर्धं हसू आलं. मी तो कागद बघितला आणि स्टुलावर बसलो. मोठ्या कागदांच्या पुड्यात आता पाचच उरले होते.

फ्रेम दोन दिवसांपूर्वीच तयार होती. सागाची पट्टी, पॉलिश केलेली, कोपरे असे बसले होते की सांधा दिसत नव्हता. तिच्यासाठी केलेली पहिली फ्रेम. ती टेबलावर रिकामी पडली होती आणि तिच्या काचेत पंखा फिरताना दिसत होता.

पुतण्या बाहेरून म्हणाला, "काका, बसस्टँडजवळच्या स्टुडिओतून आणू काय? पेन ड्राइव्ह द्या, अर्ध्या तासात येतो."

"नको."

"अहो पण..."

"तिचा फोटो दुसऱ्याच्या मशीनवर निघायचा नाही."

तो गेला. मला माहीत होतं की मी आडमुठेपणा करतोय. पण तो फोटो मी काढलेला होता. आयुष्यात मी काढलेला एकच. नवा कॅमेरा आला त्या दिवशी तिनं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दाबा हितं." बटण दाबताना मी डोळे मिटले. ते बघून ती हसली, तो हा फोटो. स्टुडिओ चालवणाऱ्या बाईचे बाकी फोटो कुठून असणार? ती कायम कॅमेऱ्याच्या पलीकडे.

शेवटी जमीरभाईंना फोन लावला. कोल्हापुरात त्यांची लॅब आहे. लग्नाचे अल्बम मालन त्यांच्याकडून छापून घ्यायची.

"दौलतराव, कसं आहे घरात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आज तेरावा. जमीरभाई, फोटो मोठा होईना."

"म्हणजे?"

मी सांगितलं. दहाचं नख, हजाराचा डोळा.

"आकड्यापुढं काय लिहिलंय? बारीक अक्षरात?"

मी पडद्याजवळ नाक नेलं. "दोन अक्षरं आहेत. एम, एम."



"मिलिमीटर आहे हो ते. तुम्ही दहा म्हटलं की मशीनला दहा मिलिमीटर कळतंय. पण वहिनींचं तर सगळं इंचात असायचं. मी एकदा म्हटलं होतं, वहिनी, सेंटिमीटर ठेवा, सोपं पडतं. तर मला म्हणाल्या, आमच्या घरात भांडण लावू नका. हे कुणी बदललं?"

"ह्या मशीनला तिच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं."

"असू दे. दोन मिनिटांचं काम आहे. वर एडिट लिहिलंय तिथं जा. खाली शेवटी प्रेफरन्सेस. त्यात युनिट्स अँड रूलर्स."

मी एकेक अक्षर जुळवत गेलो. फोन खांद्यात धरला होता, मान दुखत होती. एक चौकट उघडली. रूलर्सपुढे मिलिमीटर लिहिलेलं. त्यावर दाबलं तर खाली यादी लोंबली. इंच दुसरं होतं.

"सापडलं," मी म्हटलं.

"दाबा इंचावर. थांबा, थांबा. त्याआधी एक करा. फाइलमध्ये ओपन रिसेंट बघा. वहिनींकडचं कुणाचं काम मिलिमीटरमध्ये अर्धवट राहिलं असेल तर गिऱ्हाईक येईल उद्या. नुसतं बघून ठेवा."

मी इंचावर न दाबता चौकट बंद केली. फाइल, ओपन रिसेंट. शेवटच्या कामांची नावं आली. बहुतेक आडनावं होती, पासपोर्ट फोटोंची. पावसाळा सुरू झाल्यावर मालननं मोठी कामं बंद केली होती. म्हणायची, "आता उभं राहवत नाही, बसल्या बसल्या पासपोर्ट तेवढे करते." यादीत सगळ्यात खालचं नाव आडनाव नव्हतं. इंग्रजी अक्षरात होतं. एच, ए, आर. मी पुढची अक्षरं लावली.

हरभरा.



इथं मला मागचं सांगायला हवं. जूनमध्ये तिच्या पोटात दुखायला लागलं. कोल्हापूरला नेलं, तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरांनी खुर्ची दिली तेव्हाच मी समजलो. गाठ एक्केचाळीस मिलिमीटरची होती आणि जिथं होती तिथं हात घालता येत नव्हता. ते म्हणाले, गोळ्या देतो, दुखणं कमी राहील, खाऊ-पिऊ घाला. मी विचारलं, किती? ते म्हणाले, दिवाळी बघा.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, सांगायचं नाही. घरी आलो तर ती दारात उभी.

"काय म्हणाले?"

"गाठ आहे बारीक. हरभऱ्याएवढी. गोळ्यांनी विरघळंल म्हणाले."

"एवढीच?" ती म्हणाली. "मग तुमचं तोंड का असं?"

"गाडी लागली."

रिपोर्ट तिच्या हाताला लागू नये म्हणून मी तो माझ्या धंद्यातल्या अकलेनं लपवला. स्टुडिओच्या भिंतीवर एका बाळाचा जुना नमुन्याचा फोटो होता. त्या फ्रेमची पाठ उघडली, फोटो आणि हार्डबोर्ड यांच्या मध्ये रिपोर्ट सरकवला आणि पाठ परत ठोकून टाकली. फ्रेमच्या पाठीला आम्ही जे बारीक खिळे मारतो त्यांना चुका म्हणतात. मालनचा जुना विनोद होता तो. गिऱ्हाइकाला सांगायची, "आमच्या ह्यांचं काम पक्कं. दर दोन इंचाला एक चूक करतात."

आणि मग ते आमच्या घरातलं बोलणंच झालं. सकाळी मी विचारायचो, "काय म्हणतोय हरभरा?" ती म्हणायची, "गप आहे." गणपतीच्या सुमाराला तिचं पोट दिसायला लागलं. तेव्हाही मी तेच विचारलं. ती म्हणाली, "भिजलाय वाटतं रात्रीत. फुगलाय." आणि हसली. मीही हसलो. मला वाटलं, बरं झालं, हिला काही माहीत नाही.

"दौलतराव? हाय का लाइनीवर?"

"हाय."

"काय सापडलं?"

मी त्या नावावर दाबलं. पांढरं पान उघडलं. त्यावर दोन गोल होते. एक लहान, एक मोठा. नुसत्या काळ्या रेघेचे, आत काही नाही. लहान गोलाखाली तिनं मराठीत टाइप केलं होतं, 'ह्यांचा'. मोठ्या गोलाखाली 'माझा'.

कडेला पट्टी होती, वर एक आणि डावीकडे एक, बारीक बारीक रेघांची. मी मोजलं. मापात माझं कधी चुकत नाही. लहान गोल नऊ. मोठा एक्केचाळीस.

"दौलतराव, काय आहे ते?"

"काही नाही. दोन गोल आहेत."

"कुणाच्या तरी दुकानाचा शिक्का-बिक्का असेल. राहू दे. आता इंच करून घ्या."

"जमीरभाई, फाइल कुठल्या तारखेची ते कसं बघायचं?"

त्यांनी सांगितलं. मी बघितलं. जूनची अठरा तारीख. रिपोर्ट मी सोळाला आणला होता.

मी त्यांना म्हटलं, थोड्या वेळानं करतो फोन. उठलो आणि भिंतीवरचं बाळ खाली काढलं. फ्रेम उलटी केली. मी ठोकलेल्या नव्या, पांढऱ्या चुकांपैकी एकही नव्हती. त्यांच्या जागी स्टुडिओतली पारदर्शक चिकटपट्टी होती, चारी बाजूंनी नीट लावलेली. तिला हातोडी कधी धरता आली नाही. जुन्या फ्रेमला नव्या चुका. मला ते दिसलं नव्हतं. तिला दिसलं असणार. रोज त्याच भिंतीकडे तोंड करून ती बसायची; फ्रेम जरा कलती दिसली म्हणून तिनं खाली काढली असेल.

चिकटपट्टी मी नखानं सोडवली. रिपोर्ट आतच होता. मी घातला तसाच, चार घड्यांचा. एक्केचाळीस या आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती.

साडेतीन महिने. तेवढे दिवस रोज सकाळी मी विचारत होतो आणि ती उत्तर देत होती.

इंचात एक्केचाळीस मिलिमीटर कळत नाही. दीड इंच आणि एक सूत असं काहीतरी होतं, पण सूत त्या मशीनमध्ये नव्हतं. म्हणून तिनं माप बदललं. आणि परत इंचावर आणलं नाही. विसरली, की नको वाटलं, हे मला कळायला आता मार्ग नाही.

मी तो दोन गोलांचा कागद छापला. साधा कागद घेतला, मोठा नाही. स्वयंपाकघरात गेलो. बायका वड्याचं पीठ मळत होत्या. मी फळीवरचा डबा काढला.

"काय पायजे दाजी? मी देते," शेवंता म्हणाली.

"काही नाही."

मुठीत एक हरभरा घेऊन मी दुकानात आलो आणि लहान गोलावर ठेवला. रेघ सगळीकडून सारखी दिसत राहिली. बरोबर बसला. तिनं अंदाजानं काढला नव्हता. डब्यातला दाणा आणून, पट्टीनं मोजून मग काढला होता.

मोठ्या गोलावर काय ठेवायचं ते मला सुचलं नाही.

पावणेअकरा वाजले होते. गुरुजींची मोटरसायकल दारात लागली. मी जमीरभाईंना परत फोन केला.

"एका इंचात मिलिमीटर किती?"

"पंचवीस पॉइंट चार. अहो, पण बदलून टाका की सरळ. एक क्लिक आहे."

"राहू दे. किती म्हणालात? पंचवीस..."

"पॉइंट चार. हवं तर मी आकडे देतो. दोनशे चोपन्न. आणि उंची, थांबा, तीनशे पाच."

मी दोनशे चोपन्न टाकलं. तीनशे पाच टाकलं. प्रिंटर कुरकुरला. आधी तिचे केस आले, मग कपाळ, कुंकू, मिटत आलेले डोळे, मग सगळं हसू. पूर्ण कागद भरून आली. फ्रेमीत घातली तर एक सूतही इकडे तिकडे नाही.

पाठ लावायच्या आधी मी रिपोर्टची घडी घेतली, दोन गोलांचा कागद घेतला आणि दोन्ही फोटोच्या मागे ठेवले. वर हार्डबोर्ड. मग चुका मारल्या, दर दोन इंचाला एक. दोन वाकड्या गेल्या. त्या काढल्या नाहीत.

आता नऊ वर्षं झाली. मशीन बदललं नाही, त्यातलं मापही नाही. मी पासपोर्ट फोटो शिकलोय, पस्तीस बाय पंचेचाळीस, ते मिलिमीटरमध्येच असतात. कुणी आठ बाय दहा मागितला की कागदावर गुणाकार करतो. जमीरभाई अजून हसतात. म्हणतात, तेवढी एक क्लिक करा की दौलतराव.

त्या दिवशी विधी झाले. फोटो पाटावर ठेवला, हार घातला. येणारे जाणारे म्हणत होते, फोटो छान आलाय, अगदी बोलंल असं वाटतंय. पंगती उठल्यावर शेवंता माझ्या शेजारी येऊन भिंतीला टेकून बसली. फोटोकडे बघत होती.

"दाजी, एक मात्र बरं केलासा."

"काय?"

"अक्काला काही वाईट बोलून दाखवलं न्हाईसा. ती बिचारी शेवटपर्यंत हरभरा, हरभरा म्हणत हसत होती. मला बी तेच सांगायची. एवढीशीच हाय गं, म्हणायची." तिनं पदरानं डोळे टिपले. मग माझ्याकडे वळली. "पण मला एक कळत न्हाई. हरभऱ्याएवढी गाठ, आणि त्यात माणूस जातंय होय?"

मी फोटोकडे बघितलं. तिचे डोळे मिटत आलेले, तोंडभर हसू.

"भिजला होता गं," मी म्हटलं. "फुगला."